डब्यातली ताकद आणि ताटातली ताकद

मुंबईत मध्य रेल्वेवर कांजूरमार्ग नावाचे स्टेशन आहे. विक्रोळीच्या पुढे आणि भांडुपच्या अलीकडे. पूर्वेला उतरले की जुने कांजूर गाव लागते. त्याच्या पलीकडे मिठागरे आणि ठाण्याची खाडी. पश्चिमेला कारखाने, चाळी आणि आता उंच इमारती. या बाजूला कोकणातली माणसे आहेत, घाटावरची माणसे आहेत. तुमच्यापैकीही कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा तिकडे कामाला असेल.

अशा वस्तीतली पोरे दिवसभर राबतात आणि संध्याकाळी कबड्डी खेळतात. कोणी व्यायामशाळेत जातात. व्यायामशाळेला आता जिम म्हणतात. जिममध्ये गेले की पहिली गोष्ट कानावर येते ती डब्याची. हा डबा म्हणजे पावडरीचा डबा. त्यावर फुगलेल्या दंडाचे चित्र असते. किंमत दोन हजार, तीन हजार रुपये.

समजा, असाच एक मुलगा आहे. पगार झाला की तो एक डबा घेतो. गावी जाणारे पैसे तेवढे कमी होतात. आई फोनवर विचारते, "बाळा, यंदा पैसे कमी कसे रे आले?"

"आई, अंगात ताकद यायला पावडर घेतली."

"बरं केलंस. मग आली का ताकद?"

आईचा प्रश्न साधा आहे, पण अगदी बरोबर आहे. या धड्यात आपण त्याचेच उत्तर शोधू. पावडरी, गोळ्या, टॉनिके घेऊन खेळ सुधारतो का? थकवा लवकर उतरतो का? की नुसते पैसे जातात?

ताकद येते कशी?

व्यायाम करताना स्नायूंवर ताण पडतो. स्नायू म्हणजे आपल्या अंगातले मांस. ताणाने त्यातले बारीक धागे थोडे दुखावतात. म्हणून नवा व्यायाम सुरू केला की दुसऱ्या दिवशी अंग ठणकते. मग शरीर ते धागे दुरुस्त करते आणि पहिल्यापेक्षा थोडे मजबूत करते. ही दुरुस्ती व्यायाम चालू असताना होत नाही. ती विश्रांतीत होते, झोपेत होते. दुरुस्तीला माल लागतो, तो अन्नातून मिळतो.

म्हणजे तीन गोष्टी लागतात. व्यायाम, अन्न आणि विश्रांती.

शेतीचेच पाहा. जमीन नांगरायची, पाणी द्यायचे, मग वरखत टाकायचे. नांगरट नाही, पाणी नाही आणि नुसती खताची गोणी ओतली, तर पीक येईल का? उलट जास्त खताने पीक जळते. डब्यातली पावडर ही त्या वरखतासारखी आहे. तिला 'पूरक आहार' म्हणतात. पूरक म्हणजे उणीव भरून काढणारा. तेव्हा आधी पाहायचे, उणीव आहे का?

प्रथिने किती लागतात?

स्नायू ज्या मालाने बनतात त्याला प्रथिने म्हणतात. डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, मटण यांत प्रथिने भरपूर असतात. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांतही थोडी असतात. जे प्रथिन भाकरीत कमी पडते ते डाळीत असते. म्हणून आपल्या वाडवडिलांनी भाकरीबरोबर पिठले आणि भाताबरोबर वरण लावून दिले. ते शहाणपणाचेच आहे.

साध्या माणसाला आपल्या वजनाच्या दर किलोमागे रोज एक ग्रॅमहून थोडी कमी प्रथिने पुरतात. वजन ६० किलो असेल, तर सुमारे ५० ग्रॅम. कसून व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतात. त्याने किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरावीत. ६० किलोच्या खेळाडूला रोज ७२ ते ९६ ग्रॅम झाली.

आता हिशेब मांडू. आकडे अंदाजाचे आहेत.

ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ २०० ग्रॅम: २० ग्रॅम प्रथिने.
तांदूळ १०० ग्रॅम: ७ ग्रॅम.
डाळ ६० ग्रॅम, म्हणजे दोन वाट्या वरण: १३ ग्रॅम.
अंडी दोन: १२ ग्रॅम.
दूध एक पेला: ६ ग्रॅम.
भाजलेले शेंगदाणे एक मूठ: ७ ग्रॅम.
सुके बोंबील २५ ग्रॅम: १५ ग्रॅम.

बेरीज करा. ८० ग्रॅम झाली. यात डब्यातली पावडर कुठे आहे? कुठेच नाही. बोंबील खात नसाल, तर ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या घ्या. तेवढीच प्रथिने मिळतील. अंडी वर्ज्य असतील, तर दूध आणि मटकी वाढवा.

मग डब्यात असते काय? दूध नासवून पनीर केले की खाली पाणी उरते. त्या पाण्यातले प्रथिन वेगळे काढून वाळवतात. तीच बहुतेक डब्यांतली पावडर. म्हणजे ती विष नाही आणि अमृतही नाही. ते दुधातलेच अन्न आहे, फक्त महाग झालेले.

त्याने फायदा किती होतो, हे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे. २०१८ साली ४९ अभ्यासांची एकत्र बेरीज प्रसिद्ध झाली. त्यात १,८६३ माणसे होती. सगळ्यांनी वजने उचलण्याचा व्यायाम केला. काहींना वरून जादा प्रथिने दिली, काहींना दिली नाहीत. जादा प्रथिने घेणाऱ्यांच्या अंगावर इतरांपेक्षा सरासरी ३०० ग्रॅम मांस जास्त चढले. बाकीची सगळी वाढ व्यायामाने झाली होती. आणि किलोमागे १.६ ग्रॅमच्या वर कितीही प्रथिने खाल्ली, तरी आणखी फायदा दिसला नाही. भरलेल्या घागरीत पाणी ओतले तर ते बाहेरच जाणार.

हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. देशाने काय खावे, याचा सल्ला ती देते. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेऊ नका, असे तिने २०२४ सालच्या आपल्या सूचनांत सांगितले आहे.

कोणत्या गोष्टी खरेच उपयोगी पडतात?

सगळेच खोटे आहे असेही नाही. खरे ते खरे म्हटले पाहिजे. ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ साली बाजारातल्या पूरक पदार्थांची छाननी केली. शेकडो पदार्थांतून थेट खेळ सुधारणारे म्हणून पाचच त्यांना पुराव्याला टिकणारे वाटले. क्रिएटिन, कॅफीन, बिटात असते ते नायट्रेट, खाण्याचा सोडा आणि बीटा-ॲलानिन नावाचा एक पदार्थ.

क्रिएटिन म्हणजे काय, ते कबड्डीवरून कळेल. कबड्डीत एक चढाई ३० सेकंदांची असते. तेवढ्यात झडप घालायची, सुटायचे, रेषा गाठायची. अशा एका झटक्याच्या कामासाठी स्नायूंत थोडी शक्ती साठवलेली असते. ती काही सेकंदांत संपते आणि विश्रांतीत पुन्हा भरते. क्रिएटिनमुळे हा साठा थोडा वाढतो. ते मटणात आणि माशांतही असते. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतले तर धावण्याच्या, उडीच्या, वजन उचलण्याच्या झटक्यात थोडा फरक पडतो. अंगात पाणी धरल्याने वजन किलो-दोन किलो वाढते. ते मांस नव्हे, हे ध्यानात ठेवावे. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय याला हात लावू नये.

कॅफीन चहात आणि कॉफीत असते. त्याने थकवा कमी जाणवतो आणि माणूस जरा जास्त वेळ टिकतो. पण तेच कॅफीन झोप उडवते. रात्री सामना म्हणून संध्याकाळी ढीगभर कॅफीन घेतले, तर रात्रभर डोळा लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी अंग जड होते. एका हाताने मिळवले, दुसऱ्या हाताने घालवले.

सोड्याने पुष्कळांचे पोट बिघडते. बीट मात्र बाजारात साधेच मिळते.

या पाचांनी होणारा फायदा फार थोडा असतो. शंभरात एक-दोन हिश्शांचा. ऑलिंपिकमध्ये धावणाऱ्याला तेवढ्यानेही पदक मिळेल किंवा हुकेल. पण ज्याचा सराव अजून कच्चा आहे, त्याचा खेळ महिनाभर नीट सराव केला तर त्याहून कितीतरी जास्त सुधारेल.

घाम आणि मीठ

कांजूरच्या पूर्वेला मिठागरे आहेत, हे वर आलेच. मिठागरात काय करतात? भरतीचे खारे पाणी वाफ्यांत घेतात. उन्हाने पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते.

खेळणाऱ्याच्या सदऱ्यावर हेच घडते. घाम वाळला की पांढरे डाग पडतात. ते मीठच असते. एक लिटर घामाबरोबर साधारण २ ग्रॅमच्या आसपास मीठ निघून जाते. मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. त्यामुळे अंग थंड होत नाही आणि घाम आणखी येतो. पाणी आणि मीठ दोन्ही कमी झाली की पाय गळतात, डोके जड होते, चक्कर येते.

म्हणून तासाहून जास्त खेळ चालला, तर पाणी, थोडे मीठ आणि थोडी साखर खरोखर लागते. ही गोष्ट पक्की सिद्ध झाली आहे. पण त्यासाठी रंगीत पाण्याची महाग बाटली लागत नाही. लिंबाचे सरबत करा. त्यात साखर घाला, चिमूटभर मीठ घाला. सोबत एक केळे असले की काम झाले. खेळ संपल्यावर मीठ घातलेले ताक प्या. अर्धा-पाऊण तासाच्या खेळाला साधे पाणीही पुरते. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी जादा मीठ घेऊ नये.

थकवा कसा उतरतो?

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तिथले खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले. जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, असे सांगतात. गावकऱ्यांनीही वर्गणी काढली. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक.

त्या स्पर्धेतली एक गोष्ट आपल्या विषयाची आहे. जपानच्या इशी या मल्लाशी खाशाबांची लांबलचक कुस्ती झाली. ती ते थोडक्यात हरले. मधे अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लासमोर उभे केले आणि त्यांच्या बाजूने भांडायला कोणी अधिकारी हजर नव्हता, असे सांगितले जाते. दमलेले खाशाबा तीही कुस्ती हरले. त्यांना त्या वेळी कोणत्या पावडरीची उणीव नव्हती. उणीव होती ती अर्ध्या तासाच्या विश्रांतीची.

शरीराची सगळ्यात मोठी दुरुस्ती झोपेत होते. मोठ्या माणसाला ७ ते ८ तास झोप हवी. दिवसभर काम आणि संध्याकाळी व्यायाम करणाऱ्याला तर हवीच हवी. रात्री बारापर्यंत फोन पाहायचा, पहाटे लोकल धरायची आणि थकवा उतरावा म्हणून गोळी घ्यायची, याला काही अर्थ नाही.

जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचेही असेच आहे. २००९ साली जर्मनीतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यायाम करणाऱ्या काही तरुणांना 'क' आणि 'ई' जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या रोज दिल्या. व्यायामामुळे शरीर रक्तातली साखर जास्त चांगली वापरू लागते. गोळ्या न घेणाऱ्यांत तो फायदा दिसला. गोळ्या घेणाऱ्यांत दिसला नाही. म्हणजे गोळीने मदत तर केली नाहीच, उलट आडकाठी केली. आवळा, पेरू, लिंबू यांचे तसे होत नाही. ते खुशाल खावेत.

मात्र जिथे खरी उणीव आहे, तिथे गोळी मोलाची असते. आपल्या देशात १५ ते ४९ वर्षांच्या बायकांत शंभरातल्या ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत आढळले. अशी मुलगी धावायला लागली की तिला लवकर धाप लागते. लोक म्हणतात, पोरीच्या अंगात दम नाही. दम असतो, रक्त नसते. तिने सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. तिचा खेळ नक्की सुधारेल. हा खरा पूरक आहार, आणि तो दवाखान्यात फुकट मिळतो.

डब्यात भलतेच निघाले तर?

इथपर्यंत गोष्ट पैशाची होती. आता जिवाची गोष्ट.

जर्मनीतल्या कोलोन शहरात खेळाडूंच्या तपासणीची मोठी प्रयोगशाळा आहे. तिने १३ देशांतून ६३४ पूरक पदार्थ आणून तपासले. हा अभ्यास २००४ साली छापला गेला. त्यातल्या ९४ पदार्थांत स्टेरॉइड जातीची औषधे सापडली. वेष्टनावर त्यांचे नावही नव्हते. म्हणजे दर सात डब्यांत एक डबा खोटा.

आपल्याकडे केरळातल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या. २०२४ साली त्यांनी निष्कर्ष छापले. शंभरात सत्तर डब्यांवर लिहिलेला प्रथिनांचा आकडा आतल्या मालाशी जुळत नव्हता. काहींत बुरशीचे विषही सापडले.

स्टेरॉइडने दंड लवकर फुगतात, हे खरे आहे. पण हृदय आणि यकृत बिघडते. पुरुषाला मूल होणे कठीण होते. बाईचा आवाज घोगरा होतो, दाढीचे केस येतात. आणखी एक वाईट चाल जिममध्ये शिरली आहे. ती म्हणजे मेफेन्टरमिनचे इंजेक्शन. शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याचा रक्तदाब उतरला, तर डॉक्टर ते वापरतात. काही पोरे व्यायामाला जोर यावा म्हणून ते चोरून टोचून घेतात. त्याची चटक लागते. डोके फिरते आणि हृदय दगा देऊ शकते.

खेळाडूचे आणखी एक नुकसान होते. नरसिंग यादव हे मुंबईचे नावाजलेले मल्ल. ते तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले. २०१६ साली ऑलिंपिकच्या तोंडावर त्यांच्या तपासणीत बंदी असलेले स्टेरॉइड सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्यांनी सांगितले. भारतातल्या समितीने ते मान्य केले. पण खेळांच्या आंतरराष्ट्रीय लवादाला ते पटले नाही. कुस्तीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, त्यांच्यावर चार वर्षांची बंदी आली. खरे काय घडले, यावर आपण बोलायला नको. पण नियम ध्यानात घ्यावा. अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. "मला ठाऊक नव्हतं" हे तिथे चालत नाही.

डबा वाचायला शिका

तुम्हाला आता वाचता येते. मग डबाही वाचावा. नावे इंग्रजीत असतील, तर शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावीत. आकडे तर आपल्याला कळतातच.

पहिले पाहा, सरकारी अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक आहे का? नसेल तर डबा परत ठेवा. क्रमांक असला म्हणजे माल नक्की चोख, असे मात्र समजू नका.

दुसरे पाहा, १०० ग्रॅममध्ये प्रथिने किती? 'वजन वाढवा' म्हणून विकतात त्या पावडरींत बहुधा प्रथिने थोडी असतात आणि साखरेसारखे पदार्थच जास्त असतात.

तिसरा हिशेब पैशाचा. समजा, एक किलोचा डबा ३,००० रुपयांना आहे. त्यात ७५० ग्रॅम प्रथिने आहेत. म्हणजे एक ग्रॅम प्रथिन ४ रुपयांना पडले. समजा, हरभऱ्याची डाळ ११० रुपये किलो आहे. त्यात सुमारे २२० ग्रॅम प्रथिने असतात. एक ग्रॅम अर्ध्या रुपयाला पडले. आता ठरवा.

चौथे, "आठ दिवसांत शरीर बनवा" असे जो सांगतो, त्याच्या दुकानाची पायरी चढू नका. खतानेसुद्धा आठ दिवसांत कणीस भरत नाही.

आपल्याकडे पैलवानाला खुराक देण्याची रीत जुनी आहे. कोल्हापूरच्या तालमीत बदाम आणि खसखस वाटून दुधातून थंडाई देतात. तो खुराक कोणाचा? जो पहाटे उठून जोर-बैठका मारतो, माती खणतो आणि लढत करतो त्याचा. नुसती थंडाई पिऊन कोणी पैलवान झालेला नाही. आधी मेहनत, मग खुराक, मग झोप. क्रम हाच आहे.

लक्षात ठेवा

१. ताकद व्यायामाने येते. अन्न आणि झोप तिला मदत करतात.
२. डाळ, भाकरी, दूध, अंडी, मासे यांतून खेळाडूला पुरेशी प्रथिने मिळतात.
३. लांबच्या खेळात पाणी, मीठ आणि साखर लागते. ती घरच्या सरबतातून मिळते.
४. रक्त कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्या. उणीव नसेल तर गोळी नको.
५. जिममध्ये कोणी इंजेक्शन देऊ लागला तर घेऊ नका. घरी सांगा.
६. अठरा वर्षांखालच्या मुलांनी पावडरींच्या नादी लागू नये.

प्रश्न

१. तुमच्या घरच्या एका दिवसाच्या जेवणात प्रथिने किती होतात? वरच्या आकड्यांवरून बेरीज करा.
२. तुमच्या गावात डाळीचा भाव काय आहे? त्या भावाने एक ग्रॅम प्रथिन कितीला पडते?
३. तुमच्या ओळखीचा कोणी तरुण डबा घेतो का? त्याला हा धडा वाचून दाखवा आणि विचारा, "मग आली का ताकद?"